मोडलेल्या जोड्या आणि २४ ट्रॅकची टेप: ‘रूमर्स’ कसा घडला

‘रूमर्स’ (म्हणजे अफवा) या अल्बमबद्दल कुठेही वाचायला घ्या, पहिल्या परिच्छेदापासून भानगडी सुरू होतात. फ्लीटवुड मॅक या बँडमधलं एक जोडपं घटस्फोट घेत होतं, दुसऱ्या जोडीचं प्रेम आटलं होतं, ड्रमरचा संसार मोडत होता आणि हे सगळे एकाच स्टुडिओत बसून एकमेकांवर गाणी रचत होते. हे सगळं खरं आहे. पण प्रेमभंग काय, गल्लोगल्ली होतात. म्हणून कुणाच्या अल्बमच्या चार कोटी प्रती खपत नाहीत.

४ फेब्रुवारी १९७७ ला आलेला हा अल्बम अमेरिकेत बिलबोर्ड मासिकाच्या खपाच्या यादीत एकूण ३१ आठवडे पहिल्या क्रमांकावर होता. तो का चालला याची कारणं पुष्कळ आहेत, पण तो मुळात पुरा कसा झाला हे मला जास्त मोठं कोडं वाटतं. माझ्या मते त्याचं उत्तर दोन इंच रुंदीच्या एका चुंबकीय टेपमध्ये आहे. ज्यांना एका खोलीत बसणं नको झालं होतं, त्यांना या टेपमुळे एका गाण्यात राहता आलं. हे नीट समजायचं तर स्टुडिओ अल्बम म्हणजे नेमकं काय, हे आधी पाहावं लागेल. पण त्याआधी ही मंडळी कोण ते थोडक्यात.

फ्लीटवुड मॅकची सुरुवात १९६७ साली लंडनमध्ये झाली. गिटारवादक पीटर ग्रीनने काढलेला तो ब्लूज बँड. नाव मात्र त्याने ड्रमर मिक फ्लीटवुड आणि बेस वाजवणारा जॉन मॅकव्ही यांच्या आडनावांवरून ठेवलं. पुढे ग्रीन बाहेर पडला, माणसं येत-जात राहिली, जॉनची बायको क्रिस्टीन पियानो वाजवायला आणि गायला आली, आणि बँडने बस्तान कॅलिफोर्नियात हलवलं. १९७४ च्या अखेरीस मिक एक स्टुडिओ बघायला गेला. तिथल्या ध्वनिमुद्रकाने स्टुडिओचा आवाज कसा येतो हे दाखवायला एका अनोळखी जोडीचं गाणं लावलं. ती जोडी म्हणजे लिंडसी बकिंगहॅम आणि स्टीव्ही निक्स. मिकला खरं तर फक्त गिटारवाला हवा होता. लिंडसीने सांगितलं, येऊ तर दोघं येऊ. पॉप संगीतातले मोठे निर्णय कधीकधी इतके किरकोळ दिसतात.

या पाच जणांचा पहिला अल्बम १९७५ साली आला आणि हळूहळू चढत वर्षभरानंतर, सप्टेंबर १९७६ मध्ये, पहिल्या क्रमांकावर पोचला. म्हणजे ‘रूमर्स’चं काम सुरू झालं तेव्हा आधीचा अल्बम अजून वरच चढत होता. वॉर्नर ब्रदर्स ही रेकॉर्ड कंपनी खूश होती. पैसा होता, वेळ होता, मधे कुणी नाक खुपसत नव्हतं. आणि नेमक्या याच काळात तिन्ही घरं एकदम कोसळली.

आता टेपकडे वळू.

ध्वनिमुद्रण म्हणजे कलाकार वाजवतात आणि यंत्र ते टिपून घेतं, अशी आपली साधी कल्पना असते. बराच काळ ते तसंच होतं. सत्तरीच्या दशकात मुंबईत सिनेमाचं गाणं रेकॉर्ड व्हायचं तेव्हा बहुधा गायक आणि अख्खा वाद्यवृंद एकाच वेळी हजर असे; कुणा एकाची चूक झाली की सगळ्यांना पुन्हा पहिल्यापासून. मल्टिट्रॅक टेपने ही अट काढून टाकली. ‘रूमर्स’ ज्या यंत्रांवर झाला त्यांच्या टेपवर २४ समांतर पट्ट्या, म्हणजे ट्रॅक, असत. एका पट्टीवर बास ड्रम, दुसरीवर स्नेअर (कडक वाजणारा छोटा ड्रम), तिसरीवर बेस गिटार, असं प्रत्येक वाद्य स्वतंत्र. एक पट्टी पुसून नव्याने भरली तरी बाकीच्या तेवीस जशाच्या तशा राहतात. शिवाय आधी भरलेल्या पट्ट्या हेडफोनवर ऐकत नवीन आवाज रिकाम्या पट्टीवर चढवता येतो. याला ओव्हरडब म्हणतात.

याचा व्यवहारातला अर्थ असा की बेसवाला सोमवारी वाजवून जाईल, गाणारी गुरुवारी येईल, गिटारचा तुकडा तीन महिन्यांनी दुसऱ्याच गावात भरला जाईल. ऐकणाऱ्याला मात्र सगळे एकत्र उभे राहून वाजवताहेत असंच वाटेल. शेवटी या सगळ्या पट्ट्यांचे आवाज कमी-जास्त करून, डावी-उजवी बाजू ठरवून, दोन वाहिन्यांच्या स्टीरिओत उतरवायचे. ते मिक्सिंग. म्हणजे स्टुडिओ अल्बममध्ये आपण जे ऐकतो, ते त्या रूपात कधी घडलेलंच नसतं. ते जुळवलेलं असतं.

फेब्रुवारी १९७६ मध्ये बँड सॅन फ्रान्सिस्कोजवळ, गोल्डन गेट पुलाच्या पलीकडे असलेल्या सॉसलीटो गावातल्या रेकॉर्ड प्लँट स्टुडिओत दाखल झाला. लाकडी इमारत, रेकॉर्डिंगच्या खोल्यांना खिडक्या नाहीत. बाहेर दिवस आहे की रात्र, कळायची सोय नाही. पुरुष मंडळी स्टुडिओच्या घरात राहत, क्रिस्टीन आणि स्टीव्हीने बंदराजवळ वेगळी घरं घेतली होती. कोकेन मुबलक होतं, आणि ते या मंडळींनी कधी लपवलेलंही नाही. बँडच्या जोडीला केन कॅले आणि रिचर्ड डॅशट हे दोघे निर्माते होते. (कोल्बी कॅले ही गायिका माहीत असेल तर ती या केनची मुलगी.)

सुरुवात काही शुभशकुनी नव्हती. ड्रमचा आवाज मनासारखा लागेपर्यंत दिवसामागून दिवस गेले. पियानो सुरात लागेना. पियानो बदलले, ट्यूनर बोलावले, तरी कुणाचं समाधान होईना. एक टेपमशीन टेप खाऊन टाकायचं म्हणून त्याला ‘जॉज’, म्हणजे जबडा, असं नाव पडलं. पण बेस आणि ड्रम यांची मूळ चौकट तिथे उभी राहिली. पुढे लॉस एंजेलिसच्या वेगवेगळ्या स्टुडिओंमध्ये आणि फ्लोरिडात जाऊन बाकीचं बरंचसं पुन्हा वाजवलं, पुन्हा गायलं गेलं. सगळं मिळून वर्षाच्या आसपास काम चाललं.

यातली गंमत एकेका गाण्यात शिरल्याशिवाय कळत नाही. ‘ड्रीम्स’ घ्या. एके दिवशी स्टुडिओत स्टीव्हीचं काही काम नव्हतं. इमारतीत स्लाय स्टोन या संगीतकारासाठी सजवलेली एक खोली होती, लाल-काळ्या रंगाची. तिथे ती छोटा पियानो घेऊन बसली आणि दहाएक मिनिटांत गाणं लिहून बाहेर आली. लिंडसीपासून दूर होण्याबद्दलचंच गाणं. त्यात मुळात दोनच कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) आहेत, एफ आणि जी, आलटून पालटून शेवटपर्यंत. क्रिस्टीनला ते आधी कंटाळवाणं वाटलं होतं, आणि नुसत्या पियानोवर ऐकलं असतं तर आपल्यालाही वाटलं असतं. त्याचं गाणं केलं लिंडसीने. कॉर्ड तेच ठेवून त्याने तीन भाग असे वेगवेगळे सजवले, की गाणं एका जागी फिरतंय हे लक्षातच येत नाही. कुठे गिटार लांबून हुंकार दिल्यासारखी येते, कुठे कोरसचे आवाज एकदम उघडतात. ज्या बाईने आपल्याला सोडलं तिने आपल्याचवर लिहिलेलं गाणं, आणि ते चांगलं व्हावं म्हणून हा झटतोय. प्रेम संपलं तरी कारागिरी संपत नाही, एवढंच म्हणता येईल.

याच गाण्यातला ड्रम नीट ऐका. तो इतका स्थिर आहे की यंत्राचा वाटतो, आणि एका अर्थी आहेही. मिकने वाजवलेल्या आठ मात्रागटांचा टेपचा तुकडा कापून त्याची दोन टोकं एकमेकांना चिकटवली गेली आणि तो गोल फिरवत ठेवला. आज लॅपटॉपवर कुणीही शाळकरी पोरगा करतो तो हा लूप, पण ब्लेड आणि चिकटपट्टीने केलेला. गाण्यातली झोपाळू, तंद्री लागल्यासारखी चाल यातून येते. आणि त्यावरचा स्टीव्हीचा आवाज बराचसा पहिल्याच प्रयत्नातला, इतर वाद्यांना अंदाज यावा म्हणून कच्चा गायलेला. नंतर कितीदा गाऊन पाहिलं तरी त्याची सर येईना, म्हणून तोच ठेवला. वर्षभर घासूनपुसून केलेल्या अल्बममधलं सगळ्यात गाजलेलं गाणं, आणि त्यातला मुख्य आवाज कच्चा!

लिंडसीचं उत्तर ‘गो युअर ओन वे’ या गाण्यात आहे. ते तिखट आहे. त्यात स्टीव्हीवर असा एक शेरा आहे की ती तो काढून टाक म्हणून सांगत राहिली, त्याने काढला नाही. आणि त्या गाण्यात मागे सूर धरायला तीच उभी. ड्रमसाठी लिंडसीच्या डोक्यात रोलिंग स्टोन्सच्या एका गाण्यासारखा ठेका होता. मिकला तो जमेना. त्याने टॉम-टॉम या घुमणाऱ्या ड्रमवर आपल्याच पद्धतीने काहीतरी अडखळतं, उलटंपालटं वाजवलं. गाण्याच्या सुरुवातीला पाय नेमका कुठे टाकावा हे कळत नाही ते त्यामुळे, आणि मग कोरसला सगळं जागच्या जागी बसतं तेव्हा एकदम मोकळं वाटतं.

क्रिस्टीनची बाजू वेगळी. ती शांत, मिश्कील बाई. तिचं बँडच्या प्रकाशयोजना करणाऱ्या माणसावर प्रेम जडलं आणि तिने ‘यू मेक लव्हिंग फन’ लिहिलं. ते कुणावर आहे असं नवऱ्याने विचारल्यावर आपल्या कुत्र्यावर आहे असं तिने सांगितलं म्हणे. जॉनने त्यावर बेस वाजवला, आणि काय वाजवलाय! तिचंच ‘डोन्ट स्टॉप’ हे वरवर आनंदी गाणं, पण ते उद्देशून आहे जॉनलाच: झालं गेलं विसर, उद्याकडे बघ. १९९२ मध्ये बिल क्लिंटन यांनी निवडणूक प्रचारात ते वापरलं आणि जानेवारी १९९३ मध्ये त्यांच्या शपथविधीच्या सोहळ्यात वाजवायला फुटलेला बँड पुन्हा एकत्र आला. घटस्फोटाचं गाणं राष्ट्राध्यक्षाच्या कामी येईल असं कुणाला वाटलं असतं?

आता ‘द चेन’. लिहिणारे म्हणून पाचही जणांची नावं असलेलं हे अल्बममधलं एकमेव गाणं, आणि शब्दशः कापून शिवलेलं. मुळात ते क्रिस्टीनचं वेगळंच गाणं होतं. त्याची कडवी कुणाला आवडेनात, शेवट मात्र झकास होता. तेव्हा कडवी फेकून दिली, शेवट ठेवला आणि उलट दिशेने गाणं बांधायला घेतलं. सुरुवातीचा गिटारचा भाग लिंडसी-स्टीव्हीच्या जुन्या गाण्यातून उचलला, शब्द स्टीव्हीने दिले, आणि टेप ब्लेडने कापून तुकडे जोडले. कोणताही जाणकार सांगेल की अशाने गाण्याची गोधडी होते. इथे झाली नाही, कारण मधल्या जोडाला सगळं थांबतं आणि जॉनचा बेस एकटाच पुढे येतो. दहा-बारा सुरांची ती ओळ. ब्रिटनमध्ये बीबीसीने १९७८ पासून फॉर्म्युला वन शर्यतींच्या कार्यक्रमाला तीच लावली, त्यामुळे तिकडे कित्येकांना बँडचं नाव माहीत नसलं तरी ही धून पाठ असते.

बारीकसारीक हट्ट तर विचारू नका. ‘नेव्हर गोइंग बॅक अगेन’ हे जेमतेम सव्वादोन मिनिटांचं, एका गिटारवरचं गाणं. नव्या तारेचा आवाज थोड्याच वेळात मंद पडतो, असं केनच्या लक्षात आलं. म्हणून दर वीस मिनिटांनी गिटारच्या सगळ्या तारा बदलायच्या असं ठरलं. तारा बदलणाऱ्याचे हाल झाले. ‘सेकंड हँड न्यूज’मध्ये जो टपटप ठेका येतो तो लिंडसीने खुर्चीच्या रेक्झिनच्या बैठकीवर वाजवलेला आहे. ‘गोल्ड डस्ट वुमन’च्या शेवटी मिकने हातोड्याने काचा फोडल्या.

‘साँगबर्ड’ मात्र वेगळं झालं. क्रिस्टीन, पियानो, बस्स. एवढ्या गाण्याला स्टुडिओ नको, मोठ्या सभागृहाचा घुमार हवा, असं केनला वाटलं. मार्च १९७६ मध्ये बर्कली विद्यापीठाचं झेलरबाख सभागृह भाड्याने घेतलं, सभागृहभर माइक लावले. तिला सुखद धक्का द्यायला पियानोवर गुलाब ठेवले, वरून दिवे सोडले. प्रेक्षक नाहीत. लय सुटू नये म्हणून लिंडसी बाजूला अकॉस्टिक गिटार धरून बसला. ओव्हरडबची सगळी सोय हाताशी असताना या एका गाण्यासाठी जुनी, एकदम वाजवायची पद्धत निवडली. कुठे तुकडे जोडायचे आणि कुठे हात लावायचा नाही, हे कळणं हीच निर्मात्याची खरी अक्कल.

आणि मग टेपनेच दगा दिला.

ज्यांनी कॅसेटी घासघासून ऐकल्या आहेत त्यांना हे लगेच कळेल. टेपवर लोहाच्या ऑक्साइडचा पातळ थर असतो, आवाज त्यात चुंबकीय रूपात साठवलेला असतो. टेप हेडवरून जाते तेव्हा दर खेपेला तो थर कणाकणाने झिजतो. यात तार आवाज आधी जातात, कारण त्यांच्या खुणा टेपवर सगळ्यात बारीक असतात. झांजेची खणखण, स्नेअरचा चट्ट आवाज मंदावतो, खर्ज मात्र टिकून राहतो. ‘रूमर्स’च्या टेपा महिनोन्‌महिने फिरत होत्या. एकेका ओव्हरडबला शेकडो वेळा मागे-पुढे. शेवटी ऐकलं तर ड्रममध्ये जीवच उरला नव्हता.

वाचवलं ते सुरुवातीला दाखवलेल्या सावधगिरीने. सॉसलीटोत मूळ चौकट भरताना दोन २४ ट्रॅकची यंत्रं एकाच वेळी चालवली होती. म्हणजे दोन्ही टेपा मूळच, एकही दुसरीची नक्कल नव्हे. एक कामाला घेतली, दुसरी गुंडाळून ठेवून दिली. त्या जपून ठेवलेल्या टेपवरचा ड्रम ताजा होता, पण नंतर चढवलेले आवाज, गिटारी, गाणं सगळं झिजलेल्या टेपवर. ते या टेपवर आणायचं तर दोन्ही यंत्रं अगदी एका वेगाने चालायला हवीत, आणि दोघांना एकत्र बांधणारा कोणताही संकेत टेपवर नोंदलेला नव्हता. दोन यंत्रं कधीच हुबेहूब एका गतीने फिरत नाहीत. मिनिटभरात एक पुढे सरकतं.

लॉस एंजेलिसच्या एका तंत्रज्ञाने हे हाताने केलं. हेडफोनच्या एका कानात झिजलेल्या टेपवरचे हाय-हॅट (पायाने मिटायची झांज) आणि स्नेअर, दुसऱ्या कानात जपलेल्या टेपवरचे तेच. दोन्ही बरोबर असतील तर आवाज डोक्याच्या मधोमध ऐकू येतो. एक जरा मागे पडला की तो डावीकडे किंवा उजवीकडे झुकतो. झुकला की वेगाचं बटण किंचित फिरवायचं आणि त्याला पुन्हा मध्यावर आणायचं. गाणं संपेपर्यंत क्षणाचीही उसंत नाही. एका रात्रीत अशी सगळी गाणी त्याने उतरवली. अल्बमच्या वेष्टनावर मिक आणि स्टीव्ही पोझ देऊन उभे आहेत. मला विचाराल तर त्या माणसाचंही एक चित्र कुठेतरी हवं होतं.

आता एक प्रश्न उरतो, एलपीच्या, म्हणजे अल्बमच्या मोठ्या तबकडीच्या, जागेचा. एलपीच्या एका बाजूवर साधारण वीस-बावीस मिनिटं नीट मावतात. त्याहून जास्त भरली तर खाचा एकमेकींच्या जवळ कोराव्या लागतात, त्यासाठी आवाज कमी करावा लागतो, आणि खर्जाचा दम जातो, कारण खर्जाची खाच रुंद असते. स्टीव्हीचं ‘सिल्व्हर स्प्रिंग्ज’ हे लांब आणि संथ गाणं या हिशोबात बळी पडलं. त्याऐवजी तिचंच एक जुनं, छोटं गाणं ‘आय डोन्ट वॉन्ट टू नो’ घ्यायचं ठरलं. बाकीच्यांनी त्याची तयारी आधी करून ठेवली आणि मग मिकने तिला पार्किंगमध्ये नेऊन ही बातमी दिली. ती प्रचंड संतापली. ‘सिल्व्हर स्प्रिंग्ज’ गेलं ‘गो युअर ओन वे’च्या सिंगलच्या, म्हणजे त्या एका गाण्यासाठी काढलेल्या छोट्या तबकडीच्या, मागच्या बाजूला, म्हणजे जे गाणं तिला झोंबत होतं त्याच्याच पाठीवर. १९९७ साली बँड पुन्हा एकत्र आला तेव्हा तिने ते मंचावर लिंडसीच्या डोळ्यांत डोळे घालून गायलं. २००४ च्या सीडी आवृत्तीत, जिथे मिनिटांची टंचाई नाही, त्या गाण्याला अखेर अल्बममध्येच जागा मिळाली.

नाव जॉनने सुचवलं: सगळे एकमेकांच्या पाठीमागे गाण्यांतून बोलताहेत, मग दुसरं काय ठेवणार?

यशाचा भाग सांगायला तसा सोपा आहे. ‘गो युअर ओन वे’ डिसेंबर १९७६ मध्ये, अल्बमच्या आधी, सिंगल म्हणून सोडलं. चारही सिंगल अमेरिकेत पहिल्या दहांत पोचली, ‘ड्रीम्स’ जून १९७७ मध्ये पहिल्या क्रमांकावर. तीन गाणारे, तीन लिहिणारे, तिघांचे स्वभाव तीन तऱ्हेचे. त्यामुळे रेडिओवर एका गाण्याचा कंटाळा आला तरी पुढचं जणू दुसऱ्याच बँडचं वाटे. फेब्रुवारी १९७८ मध्ये वर्षाच्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी मिळालं.

पण या अल्बमचे आकडे अजून थांबलेले नाहीत, आणि त्यामागे एक हिशोब आहे. अमेरिकेतली खपाची प्रमाणपत्रं देणारी रेकॉर्ड उद्योगाची संघटना २०१६ पासून स्ट्रीमिंगही धरते: १,५०० वेळा गाणी ऐकली गेली की एक अल्बम खपला असं मानतात. त्यामुळे जुना अल्बम दुकानात न विकताही ‘खपत’ राहतो. २०२० च्या सप्टेंबरमध्ये आयडाहोतल्या एका कामगाराची गाडी बंद पडली. तो स्केटबोर्डवर निघाला, क्रॅनबेरीच्या रसाची बाटली तोंडाला लावली, ‘ड्रीम्स’ लावलं आणि तो व्हिडिओ टिकटॉकवर टाकला. काही आठवड्यांत गाणं पुन्हा बिलबोर्डच्या यादीत आलं आणि ४३ वर्षांचा अल्बम पुन्हा पहिल्या दहांत. मिकने स्वतः तसाच व्हिडिओ करून टाकला, आणि त्यापाठोपाठ लिंडसीनेही. त्याला तर २०१८ मध्ये बँडने काढून टाकलं होतं.